लांबवलेली घरभरणी

बँकेतून घराचे कागद सुटले त्या दिवशी उमेंद्रने बायकोच्याही आधी बहिणीला फोन लावला. बहीण म्हणाली, "बरं झालं बाबू. सुटला तू." मग म्हणाली, "ठेवू का? दूध उतू जाऊन राहिलं."

फोन बंद झाला. उमेंद्र बँकेच्या पायरीवर तसाच उभा राहिला. वीस वर्षांचं कर्ज त्याने सातव्या वर्षी फेडलं होतं. आतल्या साहेबांनी खुर्चीतून उठून हात मिळवला होता, चहा पाजला होता. म्हणाले होते, तुमच्या वयाची पोरं आमच्याकडे कर्ज वाढवायला येतात, मिटवायला येणारे तुम्हीच. एवढी मोठी गोष्ट, आणि बहिणीला दुधाची पडली होती.

बहिणीच्या घरी दूध सकाळीच तापतं आणि तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. हे उमेंद्रला ठाऊक होतं. पण त्या दिवशी ते ध्यानात आलं नाही. माणूस आनंदात असला की त्याला दुसऱ्याचं बोलणं अर्धंच ऐकू येतं.

धनवंता त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई, धुरपताबाई, गेली तेव्हा उमेंद्र चौथीत होता आणि धनवंताचं लग्न ठरलेलं होतं. तिने बापाला सांगितलं, लग्न एक वर्ष पुढे ढकला, हे पोरगं अजून केस विंचरायला माझ्यासमोर येऊन बसते. बाप, केवलराम, गप्प माणूस. त्याने पाहुण्यांकडे जाऊन तसं सांगितलं. पाहुणे भले होते, त्यांनी ऐकलं. वर्षभरात धनवंताने उमेंद्रला भात टाकायला शिकवलं, शर्टाचं बटण लावायला शिकवलं, आणि मग ती अर्जुनी मोरगावकडच्या एका गावात सासरी गेली.

आमच्या भागात दिवाळी दिवाळीला संपत नाही. त्यानंतर गावोगावच्या मंडया भरतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा बाजार, रात्री नाटक नाहीतर दंडारीचा खेळ, आणि घरोघर पाहुणे. लेकीबाळी माहेरी येतात त्या मंडईलाच. पण त्या आपल्या आपण येत नाहीत. माहेरचं कोणीतरी आणायला जावं लागतं. त्याला मुराळी म्हणायचं. मुराळी दारात आला की सासू अडवत नाही, नवरा अडवत नाही. आणि मुराळी आला नाही तर लेक आपल्या पायाने निघत नाही. गाडीभाड्याला पैसे नसतात म्हणून नव्हे. तिकडे आपली वाट पाहणारं कोणी आहे, हे चार लोकांना दिसावं लागतं.

दहा वर्षांचा उमेंद्र पहिल्यांदा मुराळी होऊन गेला तेव्हा बापाने त्याला बल्लारशाच्या गाडीत एका ओळखीच्या माणसाजवळ बसवून दिलं होतं. तिकडे स्टेशनवर भाऊजी, दुलीचंद, सायकल घेऊन उभे. त्याला पाहून म्हणाले, "आले बापा मुराळी. चड्डी सांभाळा आधी, मंग माझ्या बायकोले न्या."

धनवंता आतून हसत आली. तिने पिशवी आधीच भरून ठेवली होती. पिशवीत ओल्या फडक्यात बांधलेले शिंगाडे, त्यांच्या गावच्या तलावातले. गाडीत उमेंद्र ते मांडीवर घेऊन बसला आणि त्याची चड्डी ओली झाली. माहेरी पोचल्यावर धनवंताने चपला अंगणात कुठेतरी टाकल्या, सरळ चुलीजवळ गेली, गंजावरचं झाकण उचललं आणि म्हणाली, "पुन्हा अळणी. तुमाले बाप-लेकाले मीठ महाग झालं का?" केवलराम बाहेर बसून हसला. वर्षातून एकदाच तो तसा हसायचा.

असं बरीच वर्षं चाललं. उमेंद्र आयटीआय शिकला आणि राईस मिलमधल्या मशीनचा मिस्त्री झाला. तांदळातला काळा दाणा कॅमेऱ्याने हेरून हवेच्या फुंकरीने बाजूला उडवणारं ते मशीन. गोंदियात मिलची काय कमी. त्याचा हात चांगला होता, एका मिलमधून दुसऱ्या मिलमध्ये त्याचं नाव गेलं. नीतूशी लग्न झालं. नीतू एका दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायची, पेशंटांची नावं लिहून घ्यायची. लग्नानंतर वर्षभरात केवलराम गेला.

मग गावचं घर विकायचं ठरलं. कोण राहणार होतं तिथं? त्या पैशात बँकेचं कर्ज घालून गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीला नवं घर घ्यायचं, असा उमेंद्रचा विचार. त्या घरात बहिणीचाही हिस्सा होता. तिची सही लागत होती. तो सांगायला गेला तेव्हा चार वेळा पाणी प्यायला, पण पिशवीतले कागद बाहेर काढेना. शेवटी धनवंताच म्हणाली, "सही पायजे ना तुले? घे. त्यासाठी एवढं कायले भेऊन राहिला?"

"बाई, तुझ्या हिस्स्याचे पैसे मी नंतर..."

"मी पैसे मांगले का तुले? मले एवढंच सांग, आता माझं माहेर कुठी राहीन?"

"मुर्रीले," उमेंद्र म्हणाला. "माझं घर तेच तुझं माहेर."

"मंग झालं तं."

दुलीचंद खाटेवरून म्हणाले, "लेखी घे त्याच्याकडून. मिस्त्री लोकाईचा भरवसा नाही, आज येतो म्हणते अन् चार दिवसानं येते." सगळे हसले. धनवंताने सही केली आणि जाताना भावाला आईची पितळेची घागर दिली. आईच्या भांड्यांतली ही घागर तेवढी तिने लग्नापासून आपल्याजवळ ठेवली होती. घरभरणीला बहिणीने भरली घागर डोक्यावर घेऊन आधी घरात पाऊल टाकायचं, तिच्या मागून भाऊ-भावजय, अशी त्यांच्या घरची रीत. ती म्हणाली, "तुझ्या घरी हीच घागर घेऊन शिरीन. घासून ठेवजो."

मुर्रीच्या टोकाला, जिथं गोंदियाची वस्ती संपून धानाच्या बांध्या लागतात, तिथं ते घर. पुढं दोन खोल्या, मागं एक खोली आणि स्वयंपाकघर, समोर ओसरी आणि लोखंडी फाटक. किल्ली मिळाली त्या रात्री नीतूने घरभरणीचा विषय काढला.

उमेंद्र म्हणाला, "आता नाही. कर्ज फिटू दे."

"वीस वर्षं?"

"वीस कायले? मी सात-आठ वर्षात फेडतो, पाहून घे."

"तोपर्यंत काय, पाहुणे येऊच नाही द्याचे घरात?"

मग त्याने बापाचं बोलणं सांगितलं. केवलराम म्हणायचा, गहाण गाईचं दूध पाहुण्याला देऊ नये. आपलं झालं की द्यावं, पोटभर द्यावं. "घर अजून बँकेचं आहे नीतू. बँकेच्या घरात बहिणीले घागर घेऊन शिरवू? आपलं होऊ दे. मंग पूर्ण गाव जेवू घालतो."

"बाबा गाईचं बोलले होते," नीतू म्हणाली. "बाईचं नाही."

पण उमेंद्रच्या मनात ते पक्कं बसलं होतं. त्याला यात बहिणीचा मानच दिसत होता. घागर त्याने घासली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली.

आता फेडायचं म्हटल्यावर रोजचा पगार पुरणार नव्हता. मिलचा सीझन सुरू होतो दिवाळीनंतर, नवा धान आला की. तेव्हा मशीन रात्रंदिवस चालतात आणि बिघडतातही. एका हाकेला जाईल त्या मिस्त्रीला मालक मागेल ते देतात. उमेंद्र हाकेला जाऊ लागला. आमगावला, तिरोड्याला, कधी बालाघाटच्या मिलवरही. सीझनचा सगळा पैसा तो सरळ बँकेत नेऊन भरायचा, हप्त्याच्या वर. आणि मंडयाही नेमक्या त्याच दिवसांत.

पहिल्या वर्षी त्याने बहिणीला फोन केला. "बाई, यंदा आणाले येणं होत नाही. तू गाडीनं येऊन जाय. तिकीट मी मोबाईलवर पाठवतो."

"तिकिटासाठी थांबली नाही मी बाबू."

"मंग?"

"काही नाही. पुढच्या वर्षी येजो."

पुढच्या वर्षी नवी मिल धरली होती. त्याच्या पुढच्या वर्षी लेक चंचल लहान होती, नुकतीच चालायला लागलेली. मिलमधला त्याचा सोबती भोजराज म्हणायचा, "यार उमेंद्र, मंडईचा एक दिन तो छोड. बहन की हाय लगेगी." उमेंद्र म्हणायचा, "अबे, बहिणीसाठीच करून राहिलो. घर मोकळं झालं की असा मुराळी होऊन जातो का नाही, की गाव पाहत राहीन." त्याच्या डोळ्यांसमोर चित्रच होतं. भाड्याची मोठी गाडी, भाऊजी पुढच्या सीटवर, बहीण मागं, मांडीवर ओलं फडकं. हे चित्र पाहत पाहत तो रात्रपाळ्या करायचा. ते दरवर्षी एक वर्ष पुढे सरकायचं, एवढंच.

भाऊबीजेला तो व्हिडिओ कॉल करायचा. पहिल्या वर्षी धनवंताने फोन पाटावर उभा करून त्याला ओवाळलं. दुलीचंद मागून ओरडले, "कॅमेऱ्याले कुंकू लावू नको, दिसणार नाही काही." हसणं झालं. दुसऱ्या वर्षी ओवाळलं, पण लवकर आटोपलं. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, इकडे टॉवरच नाही धड, राहू दे.

त्याच सुमारास उमेंद्रने पुढच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. बिरसीच्या विमानतळावर विमान उडवणं शिकायला आलेली दोन पोरं राहायला आली. भाडं चांगलं देत. उमेंद्र, नीतू आणि चंचल मागच्या एका खोलीत राहू लागले. नवं घर, आणि आपणच मागच्या दाराने जायचं-यायचं. नीतू एकदा म्हणाली, "लोकं विचारतात, तुम्ही इथं किरायानं राहता का म्हणून."

"तू काय म्हटलं?"

"हो म्हटलं. खोटं कुठी आहे?"

पुढे एका कार्तिकात, मंडयांचे दिवस सरत आले असताना, उमेंद्र रात्री मिलवरून आला. भाडेकरू पोरांपैकी एक ओसरीत मोबाईल पाहत बसला होता. म्हणाला, "भैया, दोपहर को कोई आंटी आई थी. अंकल भी साथ थे, आँख पे पट्टी थी. मैंने पानी दिया, कुर्सी दी. थोड़ी देर बैठे, फिर चले गए. ये रखके गए हैं."

ओसरीच्या कोपऱ्यात ओलं फडकं होतं. शिंगाडे.

"काही बोलली?"

"पूछा कि किससे मिलना है, तो बोलीं उमेंद्र से. मैंने बोला, वो पीछे रहते हैं, अभी कोई नहीं है. तो उन्होंने पूछा, ये घर किसका है. मैंने बोला आपका ही है." पोरगं चांगलं होतं. त्याने काही चुकीचं केलं नव्हतं.

उमेंद्रने तिथूनच फोन लावला. "बाई, तू आली होती?"

"हो. तुझ्या भाऊजीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं गोंदियाले. गाडीले वेळ होता. म्हटलं, डोकावून पाहू."

"ऑपरेशन? मले सांगितलं काऊन नाही?"

"तुझा सीझन असते ना."

त्यात टोमणा नव्हता. खरंच नव्हता, तेच वाईट. उमेंद्र गडबडला. समोरच्या खोल्या भाड्याने का दिल्या ते सांगू लागला, कर्ज कसं झपाट्याने उतरतंय ते सांगू लागला. आणि शेवटी, दिवसभराच्या थकव्यात, तोंडातून निघून गेलं, "पुढच्या वेळी फोन करून येजो ना बाई. म्हणजे मी घरी राहीन."

पलीकडे तिने आधी भाऊजींना औषधाची आठवण केली. मग म्हणाली, "हो बाबू. फोन करून येईन."

नीतू दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "हे तुम्ही कोणाले म्हटलं?"

"काय?"

"फोन करून ये म्हणून. माझ्या भावानं मले असं म्हटलं असतं तं मी काय समजली असती, माहीत आहे?"

"अवं, तिची चक्कर वाया नको जायला म्हणून म्हटलं. तुले सगळं उलटंच दिसते."

 नीतूने शिंगाडे उचलून आत नेले. त्या रात्री ते सोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. मागच्या खोलीत कोणाला वेळ होता? चार-पाच दिवसांनी त्यांना वास येऊ लागला तेव्हा नीतूने ते बांधीकडच्या नालीत टाकले. फडकं मात्र धुऊन ठेवलं.

त्यानंतर धनवंता आली नाही. फोन केला की बोलायची, चंचलची चौकशी करायची, नीतूला बाळंतपणापासून दुखणाऱ्या कंबरेला कसलं तेल लावायचं ते सांगायची. मंडईचं नाव काढायची नाही. उमेंद्रला वाटलं, चला, बहीण समजूतदार आहे.

मग कर्ज फिटलं. दसरा नुकताच झाला होता. भाडेकरूंना त्याने महिनाभर आधीच दुसरी खोली पाहून दिली होती. पुढच्या खोल्यांना रंग दिला, सोफा आणला, माळ्यावरून घागर काढून चिंच लावून इतकी घासली की तिच्यात तोंड दिसावं. तुळशीचं लग्न झाल्यावरचा मुहूर्त काढला. मिलमालकाला सांगितलं, यंदा पंधरा दिवस मला हाक मारायची नाही. आणि भाड्याने गाडी ठरवायच्या आधी, रीतीप्रमाणे, एकटाच बहिणीच्या गावी सांगायला गेला.

सगळ्यात आधी त्याला दिसले शिंगाडे. अंगणात मोठ्या टोपलीत ओल्या गोणपाटाखाली, काळे-हिरवे, ताजे. बाजूला धनवंता वडे तळत बसली होती. घरात रंगाचा वास होता. दाराला नवा पडदा. चांगलं दिसणाऱ्या एका डोळ्याने दुलीचंदने त्याला ओळखलं.

"आले बापा मुराळी. बहुत दिवसानं आले. रस्ता विचारत आले का ध्यानात होता?"

"भाऊजी, आता मारा तेवढ्या चपला मारा."

"चपला कुठच्या? पाहुण्याले चपला मारत नसतात." ते हसून म्हणाले, पण उमेंद्रच्या कानात तो शब्द राहिला.

धनवंताने त्याला पाटावर बसवलं, वडे वाढले, शेजारी बसली. तिचे केस कानाजवळ पिकले होते. तिचं हसू मात्र तेच होतं. उमेंद्रने सगळं सांगितलं. मुहूर्त कधीचा, गाडी कशी येणार, घागर कशी चकाकते. "आणि बाई, घरभरणी झाली की जाचं नाही. आठ दिवस राहाचं. सात वर्षांचं सारं एकदम वसूल कर."

ती ऐकत होती. वड्याचं पीठ हाताला लागलं होतं ते दुसऱ्या हाताने सोलून काढत होती.

"बाबू, त्याच हप्त्यात आमच्या गावची मंडई आहे," ती म्हणाली. "रेणू येऊन राहिली."

रेणू तिची मुलगी. वैशाखात लग्न झालं होतं. उमेंद्र त्या लग्नाला आला होता, सकाळी येऊन संध्याकाळी गेला होता.

"पहिलीच मंडई तिची. दुर्गेश जाते उद्या मुराळी होऊन. सकाळपासून इस्त्री करून राहिला कपड्याले." दुर्गेश तिचा मुलगा. आत आरशासमोर भांग पाडत होता, मामाला पाहून लाजला. "ती आठ दिवस राहीन. जावई येतीन. आता मीच माहेर झाली बाबू. मी कुठी जाऊ?"

उमेंद्रने हातातला वडा खाली ठेवला. त्याने पाणी मागितलं. मग म्हणाला, "मंग घरभरणी पुढं ढकलतो."

"नको," ती म्हणाली. एकदम नाही, पण ठामपणे. "पुढं ढकलू नको आता. मी येईन ना. घागर माझ्या हाताची आहे, दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर कायले द्याची? सकाळच्या गाडीनं येईन, संध्याकाळच्या गाडीनं परतीन."

"मी गाडी घेऊन येतो आणाले."

"कायले गाडीचा खर्च? घरी कार्यक्रम, अन् घरधनी रस्त्यानं. आमी येतो आमचे."

तो बराच वेळ बसला. खूप काही सांगायचं होतं. पण ती मधूनमधून उठत होती, वडे उलटत होती, दुर्गेशला रेणूसाठी काय सांगायचं ते सांगत होती, "तिच्या सासूले म्हणजो, आमची आई वाट पाहून राहिली." घर भरलेलं होतं, आणि ते भरलेलं घर दुसऱ्या कोणाची वाट पाहत होतं. सात वर्षांत एक बाई सासरी गेलेल्या लेकीची आई झाली होती, आणि भावाला वाटत होतं की ती तिथंच, पिशवी भरून, दारात उभी आहे.

घरभरणीच्या दिवशी मुर्रीच्या घरासमोर मांडव होता. मिलमधली माणसं आली होती, नीतूच्या माहेरची आली होती. उमेंद्र नवं धोतर नेसून सारखा फाटकाकडे पाहत होता. शेवटी समोरच्या खोलीत टोपी घ्यायला शिरला तेवढ्यात मोबाईल वाजला.

"बाबू," धनवंता म्हणाली, "आमी फाटकापाशी आहो. येऊ का?"

खिडकीतून ती दिसत होती. मांडव चार पावलांवर, फाटक सताड उघडं, आत-बाहेर लोक ये-जा करतायत, आणि त्या उघड्या फाटकापाशी बहीण कानाला फोन लावून उभी. हातात मिठाईच्या दुकानाची पिशवी. तिच्या मनात काही खोच असेल का, म्हणून त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही नव्हतं. तिला फोन करून यायला सांगितलं होतं, तिने केला होता.

तो धावत बाहेर गेला. तिच्या पाया पडला. तिने डोक्यावर हात ठेवला, पिशवी नीतूच्या हातात दिली. पिशवीत पेढ्यांचा डबा होता, वर रंगीत कागद, दोरी. ओलं फडकं नव्हतं.

घागर तिने नेली. फार सुंदर नेली. मागं वळून न पाहता, थेंब न सांडता, उजवं पाऊल आत टाकून, सगळ्या खोल्यांतून फिरून स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली. बायकांनी तिच्यावरून तांदूळ ओवाळले. नीतूच्या डोळ्यांत पाणी आलं. उमेंद्रला वाटलं, झालं, आता सगळं जागेवर आलं.

मग धनवंता स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि समोरच्या खोलीत सोफ्यावर बसली. पदर नीट घेतला, चपला सोफ्याजवळ एकमेकींना लावून ठेवल्या. आत भाजीला फोडणी बसत होती, गंजावर झाकणं होती. तिने एकही उचललं नाही. थोड्या वेळाने चंचल पाहुण्यांना पाणी देत फिरत होती, तिला म्हणाली, "बेटा, मले बी देशीन का थोडं?" तिनेच भरून आणलेली घागर तिथून तीन पावलांवर होती.

"आत्या, आत या ना," चंचल म्हणाली.

"बसते ना इथंच. चांगलं हवेशीर आहे," धनवंता म्हणाली. "छान घेतलं तुमच्या बाबानं घर."

जेवताना उमेंद्र तिच्या पंगतीत स्वतः वाढायला गेला. म्हणाला, "बाई, भाजी पाय बरं. अळणी आहे का?" त्याने ते मुद्दाम विचारलं होतं. तिने एक घास घेतला. भाजी खरंच जराशी अळणी होती, दुलीचंदने शेजारी मीठ मागून घेतलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "छान झाली."

संध्याकाळी तो त्यांना स्टेशनवर सोडायला गेला. बल्लारशाची गाडी लागली होती. दुलीचंद खिडकीशी बसले आणि फलाटावरच्या गर्दीकडे पाहत म्हणाले, "घर झकास आहे बाबू. आमच्या बायकोले नेऊन नेऊन थकला असता, त्यापेक्षा घर घेतलं ते बेस केलं." त्यांनी नेहमीसारखा विनोदच केला होता. धनवंताने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

उमेंद्र खिडकीच्या गजाला धरून उभा होता. त्याला सांगायचं होतं की ते घर त्याने तिच्यासाठीच सोडवलं. त्याला सांगायचं होतं की मला वाटलं मान मोठा करून देऊ. पण ज्या बाईने त्याचे केस विंचरण्यासाठी आपलं लग्न एक वर्ष लांबवलं, तिला आपण काय लांबवलं ते कसं सांगायचं, हे त्याला सुचेना.

"बाई," तो म्हणाला, "पुढच्या मंडईले मी येतो आणाले. सीझन गेला खड्ड्यात."

"येजो," ती म्हणाली. "जरूर येजो. रेणूची भेट होईन. मुक्कामी राहजो." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. तो आणायला येतो म्हणत होता आणि ती त्याला पाहुणा म्हणून बोलावत होती. 

गाडीने झटका दिला. ती खिडकीतून म्हणाली, "पोचली की फोन करते."

फोन कायले, असं त्याच्या ओठांवर आलं. गाडी हळूहळू सरकत होती, तो बरोबर चालत होता.

"हो," तो म्हणाला. "करजो."

फलाटाच्या टोकाला एक बाई उकडलेले शिंगाडे घेऊन बसली होती. उमेंद्रने चंचलसाठी घेतले. घरी मांडव उतरवत होते. चंचलने एक शिंगाडा हातात धरून उलटसुलट पाहिला, त्याचं काटेरी टोक तिच्या बोटाला टोचलं. "बाबा, हे कसं सोलाचं?" तिने विचारलं.

उमेंद्रने शिंगाडा हातात घेतला. लहानपणी त्याने शेकडो खाल्ले होते. पण सोलून दुसऱ्याच हाताने दिलेले. त्याने सुरी घेऊन एका बाजूने प्रयत्न केला, गर चुरा होऊन सालीलाच राहिला. दुसरा घेतला, तोही तसाच.

"आत्याले फोन करून विचारा ना," चंचल म्हणाली.

ओट्यावरची घागर काठोकाठ भरलेली होती. त्याने तिच्यातून पेलाभर पाणी घेतलं, हात धुतले, आणि तिसरा शिंगाडा सोलायला घेतला.